नैसर्गिक कालवांचे थर पुन्हा उभे करायचे, तर सुरुवात कशाने करावी?

प्रश्न

नमस्कार. किनाऱ्यालगतच्या पाण्यातील नैसर्गिक कालवांविषयी (कालव म्हणजे ऑयस्टर, दोन शिंपल्यांत राहणारा जीव) मी गेले काही महिने वाचन करत आहे आणि एका मुद्द्यापाशी अडलो आहे. जगभरातील कालवांच्या थरांपैकी (थर म्हणजे तळावर एकमेकांना चिकटून वाढलेल्या कालवांची रास) सुमारे ८५ टक्के थर नष्ट झाले, असा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सगळीकडे दिलेला असतो. त्यावर उपाय म्हणून उबवणी केंद्रात पिले तयार करून ती पाण्यात सोडावीत, असेही सुचवले जाते. परंतु एक मादी एका हंगामात लाखो अंडी सोडत असेल, तर काढणी थांबवल्याबरोबर कालवे आपोआप का वाढत नाहीत? वर्षानुवर्षे बंदी असूनही काही ठिकाणी ती परत आली नाहीत, याचे कारण काय असावे? आणि बंदी हा उपाय नसेल, तर काढणीचे नियम कसे असावेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिले उत्तर

तुमच्या प्रश्नाचे उत्तर अंड्यांच्या संख्येत सापडणार नाही, ते रिकाम्या शिंपल्यांत आहे. कालवाची अळी दोन ते तीन आठवडे पाण्यात तरंगते, मग तिला डोळ्यासारखा एक काळा ठिपका आणि सरपटण्यासाठी इवलासा पाय फुटतो, आणि ती टणक, स्वच्छ जागा शोधू लागते. तशी जागा मिळाली की ती स्वतःला तेथे कायमची चिकटवून घेते; चिखलावर पडली, तर तिचे आयुष्य तेथेच संपते. या अळ्यांना सर्वांत अधिक मानवणारी जागा म्हणजे दुसऱ्या कालवाचा शिंपला. थरातून एखादा जुना, खडबडीत शिंपला उचलून त्याची आतली बाजू भिंगाखाली धरा. मोहरीहूनही लहान, तपकिरी, चपटे ठिपके दिसतील आणि नखाने खरवडले तरी ते सुटणार नाहीत. पुढच्या पिढीचा थर त्या ठिपक्यांतून तयार होत असतो.

त्यामुळे मासे पकडणे आणि कालवे काढणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. मासा पकडला तरी समुद्राचा तळ जागेवर राहतो. कालव काढताना मात्र त्या जिवाबरोबर त्याच्या पिलांची जमीनही आपण उचलून नेतो. शिवाय उरलेले शिंपलेही टिकत नाहीत. पाण्यात ते हळूहळू विरघळतात, शिंपले पोखरणारे स्पंज त्यांना भुसभुशीत करतात, आणि राहिलेल्यांवर गाळ चढतो. दरवर्षी मरणाऱ्या कालवांच्या शिंपल्यांची भर या झिजेपेक्षा कमी पडू लागली, की थर खचायला लागतो. मग तुम्ही बंदी घाला की पिले सोडा, त्यांना बसायला जागाच उरलेली नसते.

उंचीचा मुद्दाही फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या ग्रेट विकोमिको नदीत २००४ मध्ये शिंपल्यांचे थर रचले गेले, त्यांपैकी काही २५ ते ४५ सेंटिमीटर उंच होते आणि काही जेमतेम ८ ते १२ सेंटिमीटर. काही वर्षांनी मोजणी झाली तेव्हा उंच थरांवरील कालवांची दाटी बुटक्या थरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळली. उंचावर प्रवाह वेगवान असतो, त्याबरोबर खाद्य येते आणि गाळ वाहून जातो. मी ज्या लहानशा कामात सहभागी होतो, तेथे आम्ही उपलब्ध शिंपले अधिक जागेवर पातळ पसरले आणि दोन हंगामांत ते जवळजवळ पूर्ण गाळाखाली गेले. तेच शिंपले निम्म्या जागेवर दुप्पट उंचीने रचायला हवे होते, ही रुखरुख मला आजही आहे.

दुसरे उत्तर

वरील विवेचन मला मान्य आहे. मी फक्त काढणीच्या नियमांविषयी लिहितो. कालवांच्या बहुतेक व्यापारी जातींमध्ये लहान वयात नर अधिक असतात आणि वय वाढेल तशी त्यांतील पुष्कळशी मादी होतात. किमान आकाराचा नियम लहानांना वाचवतो, हे खरे, पण त्या मापाच्या वरची सगळी कालवे उचलली गेली, तर नेमक्या सर्वाधिक अंडी देणाऱ्या माद्याच जातात. म्हणून किमान आकाराच्या जोडीला काही थर कायमचे राखीव हवेत, आणि ते प्रवाहाच्या अशा जागी हवेत, की तेथील अळ्या काढणीच्या थरांपर्यंत पोहोचतील. उरलेले थर आलटून पालटून उघडता येतात.

सरसकट बंदीला मात्र माझा विरोध आहे. ज्यांचे पोट या कामावर आहे, त्यांच्याइतकी थरांची खबर कोणालाच नसते. त्यांना बाहेर काढले, तर राखणदारही जातात आणि चोरटी काढणी वाढते. जेवढे शिंपले बाहेर गेले, तेवढे हंगाम संपण्यापूर्वी परत टाकण्याचे बंधन त्यांच्याशी बोलून घातले, तर ते पाळले जाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. परत टाकायचे शिंपले आधी बरेच महिने उन्हात वाळवलेले असावेत, नाहीतर त्यांच्याबरोबर रोग आणि परके जीवही पाण्यात जातात.

तिसरे उत्तर

पाण्याचा विचार सुटू नये, म्हणून लिहीत आहे. फ्लोरिडातील अपालाचिकोला उपसागरातील कालवांची संख्या २०१२ मध्ये कोसळली आणि डिसेंबर २०२० पासून तेथे पाच वर्षांपर्यंतची बंदी लागू झाली. दुष्काळामुळे नदीचे गोडे पाणी कमी आले, क्षारता वाढली आणि खाऱ्या पाण्यातील शत्रू, म्हणजे कालवांना भोके पाडणाऱ्या गोगलगाई, थरांपर्यंत पोहोचल्या. काढणीचा भार त्यात होताच, पण उगमाकडे पाणी किती सोडले जाते, यावर खाली थर रचणाऱ्यांचे काहीच नियंत्रण नव्हते.

दुसरी गोष्ट रोगांची. १९५०च्या दशकाच्या अखेरीस डेलावेअर आणि चेसापीक या उपसागरांत एका परजीवीने कालवांचा प्रचंड संहार केला. युरोपातील चपट्या कालवांमध्ये १९७९च्या सुमारास बोनामिया हा परजीवी आला आणि बियाण्याच्या, म्हणजे वाढवण्यासाठी नेल्या जाणाऱ्या लहान कालवांच्या, ने-आणीबरोबर पसरत गेला. माणसाला या रोगांचा अपाय नाही, परंतु दुरून आणलेले एक पोते बियाणे आख्खा उपसागर बाधित करू शकते. रोग असूनही जी कालवे जगली, मोठी झाली आणि अंडी देत आहेत, ती मी प्राणपणाने राखीन. उबवणीसाठी जनक निवडायचे असतील, तर तेही त्यांच्यातूनच निवडावेत.

एक मोठे कालव दिवसाला १९० लिटर पाणी गाळते, हा आकडा सर्वोत्तम परिस्थितीतला आहे. थंड किंवा गढूळ पाण्यात तो बराच खाली येतो, म्हणून सांडपाणी रोखण्याला कालवांचा पर्याय कोणी देऊ नये.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. एकच शंका उरली आहे. एखाद्या ठिकाणी अळ्या कमी आहेत की जागा कमी आहे, हे खर्च करण्यापूर्वी कसे ओळखावे?

पहिले उत्तर देणारे

अंडी सोडण्याच्या हंगामात वाळवलेल्या शिंपल्यांच्या माळा तळापासून थोड्या वर टांगा आणि दर दोन आठवड्यांनी एक माळ काढून, दुसरी लावा. काढलेल्या माळेवरील ठिपके भिंगाखाली मोजा. ठिपके भरपूर असतील आणि शेजारच्या तळावर काहीच नसेल, तर अळ्या येत आहेत, बसायला जागा नाही. अशा ठिकाणी पिले विकत घेऊ नका, सगळा पैसा शिंपल्यांवर आणि उंचीवर घाला. माळा कोऱ्याच निघाल्या, तर मात्र आसपास जनक कालवे उरलेली नाहीत आणि उबवणी केंद्राची मदत घ्यावी लागेल. एका हंगामावरून निष्कर्ष काढू नका, कारण अळ्यांचे प्रमाण वर्षागणिक फार बदलते. निदान दोन, शक्य झाल्यास तीन हंगाम माळा लावा.