१२.३ म्हणजे ठणठणीत नाही हो

दादा, तुम्ही लिहिलंय की मीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) १२.३ व्होल्ट आले म्हणजे गाडीची बॅटरी ओके, कारण ती १२ व्होल्टचीच असते. तसं नसतं. आत सहा सेल असतात, भरलेला सेल साधारण २.१ देतो, म्हणजे फुल चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामीच समजा.

आणि मोजलं कधी? गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर आकडा फुगलेला येतो, रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी लावायच्या आधी मोजा.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, गाडी उघड्यावरच असते. मागच्या जानेवारीत सकाळी १२.५ दाखवत होती म्हणून मी निर्धास्त, पण चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक. मग गाडी न्यूट्रल करून धाकट्या भावाला चावी फिरवायला बसवलं आणि मी मीटरच्या पिना बॅटरीच्या टर्मिनलला (वायरी जोडतात त्या टोकांना) धरून उभा, तर आकडा धाडकन ८ वर! स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जायला नको, खरी परीक्षा तीच, आणि थंडीत बॅटरीचा जोर अजून कमी होतो.

इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांना १३.८ ते १४.४ यायला पाहिजेत. सतत १३ च्याही खाली असेल तर नवीन बॅटरीवर पैसे घालू नका, आधी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) आणि त्याचा बेल्ट दाखवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर तीही साफ करा, निगेटिव्हची वायर पहिली काढून.