वृषणरज्जूच्या लायपोसार्कोमासाठी पुढील उपचार कोठे घ्यावेत?

द्राक्षबाग_तासगाव: माझ्या वडिलांचे (वय ६२) हर्निया समजून जांघेत ऑपरेशन झाले. आत आतडे नव्हतेच, लिंबाएवढी पिवळसर गाठ निघाली आणि पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये वृषणरज्जूचा (वृषणाकडे जाणाऱ्या नळी व रक्तवाहिन्यांच्या जुडग्याचा) लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कर्करोग, असून कापलेल्या कडेपर्यंत त्याच्या पेशी असल्याचे लिहून आले. पुढील उपचार कोठे करावेत? खर्च दोन लाखांच्या आत बसवावा लागेल.

कोरेगावकर: माझ्या प्रोस्टेटचे ऑपरेशन पुण्यात रोबोटने झाले. सहा लाख लागले, पण तिसऱ्या दिवशी मी घरी होतो. आपणही पैशाकडे पाहू नये.

सांगलीचे_काका: रक्तातील एएफपी आणि बीटा-एचसीजी हे कर्करोगाचे मार्कर (काही कर्करोगांत वाढणारे घटक) तपासा. ते नॉर्मल असतील तर काळजीचे कारण नाही.

सूक्ष्मदर्शी_मिरज: काकांचे विधान दिशाभूल करणारे आहे. हे मार्कर वृषणाच्या जर्म सेल (बीजपेशींच्या) ट्यूमरमध्ये वाढतात, सार्कोमात बहुधा नॉर्मलच राहतात. आधी स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (गाठीचे तुकडे बसवलेल्या मेणाच्या वड्या) ताब्यात घेऊन सार्कोमाचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून फेरतपासणी करून घ्या, गरज वाटल्यास ते एमडीएम२ या जनुकाची चाचणीही करतील; कारण वेल-डिफरन्शिएटेड (सामान्य चरबीसारखा दिसणारा) प्रकार सहसा दूर पसरत नाही, तेथेच पुन्हा उगवतो, तर डीडिफरन्शिएटेड (ते साम्य गमावलेला) प्रकार फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतो. कडा मोकळ्या नसल्यास जांघेतूनच वृषणासह रज्जू वरपर्यंत आणि भोवतालचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया बहुधा सुचवली जाते.

कोरेगावकर: म्हणूनच मी रोबोट म्हणालो.

कृष्णाकाठ: माझ्या मेहुण्यांना हायड्रोसील आहे असे सांगून एका दवाखान्यात दीड वर्ष घालवले, त्याचा राग अजून जात नाही. शेवटी परळला टाटा मेमोरिअलमध्ये निदान झाले. सात वर्षांनी त्याच जागी गाठ परत आली, म्हणून तपासण्या मध्येच सोडू नका. महालक्ष्मी एक्सप्रेसने थेट मुंबई गाठा.

सांगलीचे_काका: ब्लॉक ताब्यात घ्या, हेच मीही सांगणार होतो.

द्राक्षबाग_तासगाव: सर्वांचे आभार. ऑक्टोबर छाटणी तोंडावर असताना वडील मुंबईत वा पुण्यात राहायला तयार नाहीत. म्हणून ब्लॉक परळला मी एकटाच नेतो आणि तो अहवाल आल्यावर ऑपरेशन मिरजेतच, कर्करोगाच्या सर्जनकडून करून घेऊ. महात्मा फुले योजनेत बसते का, तेही विचारले आहे. काल लॅबने मेणाच्या चार वड्या रबर लावलेल्या पाकिटात हातावर ठेवल्या. त्या प्रवासात कशा न्याव्यात?

सूक्ष्मदर्शी_मिरज: घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि ऊन लागू देऊ नका. स्लाइड वेगळ्या डबीत, कापूस लावून न्या. मूळ रिपोर्टची प्रतही सोबत असू द्या.