मदत हवी आहे: जावात इंटिजर १२७ पर्यंत जुळतो, १२८ पासून का जुळत नाही?

नमस्कार मंडळी,

जावा शिकायला लागून तीनेक महिने झालेत. दोन दिवस एकाच ठिकाणी अडकले आहे, म्हणून विचारते.

माझ्याकडे गुणांच्या दोन याद्या आहेत, दोन्ही अ‍ॅरेलिस्ट. त्यात साधा इंट (पूर्णांक) ठेवता येत नाही, म्हणून इंटला ऑब्जेक्टमध्ये गुंडाळणारा इंटिजर हा रॅपर क्लास घेतला. एकाच विद्यार्थ्याचे गुण दोन्हीकडे सारखे आहेत का, एवढंच तपासायचं होतं. दोन्हीकडून गेटने किंमत काढली आणि मध्ये दुहेरी बरोबर-चिन्ह टाकलं. शंभर गुणांच्या पेपरला सगळं सुरळीत चाललं. दीडशेचा पेपर आला आणि बिघडलं. छापून पाहिलं तर इकडेही १४२, तिकडेही १४२, आणि उत्तर फॉल्स! एकेक आकडा बदलत गेले तेव्हा दिसलं की १२७ ला ट्रू येतं, १२८ ला फॉल्स. इंट तर ३२ बिटांचा. मग मध्येच ८ बिटांच्या बाइटची, म्हणजे १२७ ची मर्यादा कुठून आली?

शिवाय हॅशमॅपमधून (त्यात रोल नंबरसमोर गुण ठेवलेत) गुण काढून इंट व्हेरिएबलमध्ये ठेवताना कधीकधी नलपॉइंटरएक्सेप्शन ही एरर येते. इंटला नल, म्हणजे ‘काहीच नाही’, असतच नाही ना?

प्रतिसाद

आकडे बरोबर आहेत, तुलना भलत्याच गोष्टीची होतेय. दोन्ही बाजूंना इंटिजर असले की दुहेरी बरोबर-चिन्ह किंमत बघत नाही, दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का ते बघतं. यादीत इंट टाकलात की त्याचा इंटिजर करायला कंपायलर तुमच्या नकळत इंटिजरची व्हॅल्यूऑफ मेथड वापरतो. हेच ऑटोबॉक्सिंग, २००४ च्या जावा ५ पासूनचं. व्हॅल्यूऑफकडे -१२८ ते १२७ ची ऑब्जेक्ट्स तयार असतात, दर वेळी तीच मिळतात. त्यापुढे सहसा नवं ऑब्जेक्ट बनतं. बाइटचा आवाका तेवढाच असला तरी तुमच्या कोडमध्ये बाइट कुठेही नाही. किंमत बघणारी इक्वल्स मेथड वापरा, आणि नल येण्याची शक्यता असेल तर ऑब्जेक्ट्स क्लासमधलं इक्वल्स.

हॅशमॅपमध्ये ती ‘की’ (key, इथे रोल नंबर) नसेल तर गेट नल देतं. तो इंटमध्ये ठेवताना त्या नलवरच इंटव्हॅल्यू बोलावली जाते, म्हणून एक्सेप्शन. गेटऑरडीफॉल्टने शून्य घेता येईल, पण गुणांच्या बाबतीत मी तसं करणार नाही. शून्य मिळालेला आणि पेपरच न दिलेला विद्यार्थी एकाच रांगेत बसतील. इंटिजरच ठेवा आणि नल आहे का ते तपासा.

मूळ प्रश्नकर्ती

इक्वल्सने १४२ जुळले, मनापासून आभार! हॅशमॅपमध्ये खरंच एक रोल नंबर नव्हता, आणि ती मुलगी गैरहजरच होती. शून्य घातलं असतं तर नापास दाखवली असती. अजून एकच: यादीतून ३५ गुण काढायला रिमूव्हला ३५ दिलं, तर भलतेच गुण उडाले. हेही त्यातलंच का?

प्रतिसाद

त्याच घरातलं. रिमूव्हला इंट दिला की तो जागेचा क्रमांक धरला जातो, तिथे बॉक्सिंग होत नाही. व्हॅल्यूऑफने ३५ चा इंटिजर करून द्या, म्हणजे यादीतले पहिले ३५ निघतील.