शब्दचर्चा: ‘राष्ट्रीय सरकार’, ‘केंद्र सरकार’ की आणखी काही? (फिलाडेल्फिया, १७८७)

शाईचा डाग
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेची राज्यघटना कशी घडली यावर लेख लिहितेय आणि एका शब्दावर गाडी अडली आहे.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला जी परिषद भरली, तिच्यात ३० मे रोजी एक ठराव आला: सर्वोच्च विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ असलेलं ‘नॅशनल गव्हर्नमेंट’ स्थापन व्हावं. मी सरळ ‘राष्ट्रीय सरकार’ लिहिलं. संपादकांनी लाल शाईने खोडून ‘केंद्र सरकार’ केलं. त्यांचं म्हणणं, मराठीत ‘राष्ट्रीय सरकार’ म्हटलं की वाचकाला सगळ्या पक्षांनी मिळून केलेलं सरकार वाटतं. यात तथ्य आहे, पेपरात तो शब्द त्याच अर्थाने येतो. पण ‘केंद्र सरकार’ वाचलं की माझ्या डोळ्यापुढे दिल्लीतल्या लाल दगडाच्या इमारती येतात. या तेरा राज्यांना तेव्हा केंद्र होतं कुठे? त्यांची काँग्रेस, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींची सभा, १७८३ ते १७८५ या काळात फिलाडेल्फिया, प्रिन्स्टन, अ‍ॅनापोलिस, ट्रेंटन, न्यूयॉर्क अशी बिऱ्हाडं बदलत होती.

दुसरी अडचण त्याआधीच्या व्यवस्थेची, म्हणजे १७८१ पासून लागू असलेल्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ची. मी ‘महासंघाची कलमे’ लिहिलंय. सुचवा.

पेठेतला
आधीचा ‘महासंघ’, नंतरचं ‘संघराज्य’. शाळेच्या पुस्तकात हेच होतं. विषय संपला.

शाईचा डाग
संपला नाही हो. ‘महा’ लागला की मराठी कानाला गोष्ट मोठी आणि बळकट वाटते. कामगार संघटना एकत्र आल्या की ‘महासंघ’, म्हणजे ताकद वाढली. इथे उलट आहे. जुनी व्यवस्था दुबळी आणि तिलाच ‘महा’! वाचक म्हणेल, महासंघ मोडून साधा संघ केला म्हणजे अमेरिका खाली आली की काय.

जुनी वही
ताई, प्रश्न चांगला आहे. शब्द शोधण्याआधी फरक नेमका कशात होता ते बघू, मग शब्द आपोआप सापडेल असं मला वाटतं.

३० मेच्या त्या चर्चेत नेमका हाच प्रश्न उठला होता. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मॉरिस (हे कुठले राज्यपाल नव्हेत, ‘गव्हर्नर’ हे त्यांचं पाळण्यातलं नाव) यांनी फोड करून सांगितली. परिषदेतले एक प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांच्या टिपणात ती आहे. ‘फेडरल’ म्हणजे नुसता करार, बांधील पक्षांच्या इमानावर टिकणारा. ‘नॅशनल’ म्हणजे पूर्ण आणि सक्तीने चालणारा अंमल.

आता हे मराठीत आणा. मला दोनच शब्द दिसतात: वर्गणी आणि कर.

जुन्या व्यवस्थेत काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता. खर्चाचा अंदाज काढायचा, प्रत्येक राज्याच्या नावावर वाटा टाकायचा आणि पत्र पाठवायचं. पुढे राज्यांची मर्जी. गणपतीची वर्गणी मागायला गेल्यावर ‘मालक घरी नाहीत, नंतर या’ हे ऐकलेल्या कुणालाही ती व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. युद्धाचं कर्ज डोक्यावर, सैनिकांचा पगार थकलेला आणि पावतीपुस्तक कोरं. शेवटी आयात मालावर शेकडा ५ जकात घेऊ द्या, अशी काँग्रेसने विनंती केली. त्यासाठी कलमांत बदल हवा होता आणि बदलाला तेराच्या तेरा राज्यांची संमती लागायची. १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि जकात बारगळली. सगळ्यांत चिमुकलं राज्य!

नवं सरकार उभं राहिल्यावर काही महिन्यांतच, ४ जुलै १७८९ रोजी, वॉशिंग्टननी कशावर सही केली? जकातीच्या कायद्यावर. वर्गणी गेली, कर आला.

तेव्हा पहिल्यासाठी असा शब्द हवा, ज्यात वर्गणी ऐकू येईल. ‘मंडळ’ घ्या. ‘राज्यमंडळ’. मित्रमंडळ, गणेशमंडळ, भजनीमंडळ. मंडळाला सभासद असतात, प्रजा नसते. त्या कलमांपैकी तिसऱ्यात स्वतःचं वर्णनच ‘मैत्रीचा पक्का संघ’ अशा धाटणीचं आहे. म्हणजे मित्रमंडळच की.

कोकणकडा
वा! ‘राज्यमंडळ’ला माझं मत. इंग्रज इतिहासकार ‘मराठा कॉन्फेडरसी’ म्हणतात त्यालाही आपल्याकडे मराठा मंडळ, राज्यमंडळ असंच म्हटलेलं आढळतं. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले आपापल्या जागी आणि पुण्यात पेशवा. काळही तोच. तिकडे १७८१ मध्ये ती कलमं लागू झाली, इकडे १७८२ मध्ये सालबाईचा तह.

आणि काँग्रेसच्या कारभाराला अस्सल मराठी शब्द तयार आहे: बारभाई. ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’. तिथे तर तेराभाई! महत्त्वाच्या कामाला तेरापैकी नऊ राज्यांची मतं हवीत आणि पुष्कळदा नऊ राज्यांचे प्रतिनिधी हजरसुद्धा नसायचे.

जुनी वही
म्हण झकास, पण लेखात घालू नका असं सुचवेन. ‘बारभाई’ म्हटलं की वाचक थेट नाना फडणवीसांपाशी जाऊन बसतो, त्याला फिलाडेल्फियाला परत आणायला दोन परिच्छेद लागतील. शिवाय बारभाईंनी राघोबादादांविरुद्ध कारभार चालवून दाखवला. म्हणीत त्यांची बदनामी जरा जास्तच झाली आहे.

पेठेतला
नानांचा विषय निघाला की मी हजर असतो, पण आवरतो. ‘राज्यमंडळ’ मान्य. मात्र ‘आर्टिकल्स’ना ‘कलमे’ नको, राज्यघटनेची कलमं वाटतात. ‘करारनामा’ म्हणा. राज्यमंडळाचा करारनामा. फेडरल हा शब्द लॅटिनमधल्या ‘फेदुस’वरून आला, त्याचा अर्थच तह, करार.

शाईचा डाग
‘राज्यमंडळाचा करारनामा’ घेतला. छान बसतोय.

आता माझी खरी अडचण सांगते, कारण ‘केंद्र सरकार’ का चालणार नाही ते तिथेच कळतं. ३० मेला तो ठराव सहा राज्यांच्या मतांनी मंजूर झाला. विरोधात एकटं कनेटिकट, न्यूयॉर्कची मतं फुटलेली. तीन आठवड्यांनी, २० जूनला, त्याच कनेटिकटचे ऑलिव्हर एल्सवर्थ उठले आणि म्हणाले, ‘नॅशनल’ हा शब्द काढा, नुसतं ‘युनायटेड स्टेट्सचं सरकार’ म्हणा. कुणी विरोध केला नाही. शब्द गेला तो गेलाच. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सही केलेल्या मसुद्यात या सरकारला कुठेही ‘नॅशनल’ म्हटलेलं नाही. गंमत म्हणजे ‘फेडरल’ही म्हटलेलं नाही. ज्या दोन शब्दांवरून चार महिने घसा कोरडा केला, ते दोन्ही शब्द अंतिम मसुद्यात नाहीत.

मेरिलँडचे लूथर मार्टिन परिषद अर्ध्यावर सोडून गेले, सही केली नाही. त्यांनी नंतर सांगितलं की शब्द खोडला तो लोक बिचकतील म्हणून, आतलं काहीच बदललं नव्हतं. दुकान तेच, पाटी नवी.

मी जर ३० मेच्या ठरावात ‘केंद्र सरकार’ लिहिलं, तर २० जूनला एल्सवर्थनी नेमकं काय खोडलं म्हणून सांगू? ‘केंद्र’? सगळा परिच्छेदच कोसळतो. तिथे ‘राष्ट्र’ हवाच. पण ‘राष्ट्रीय सरकार’ म्हटलं की सर्वपक्षीय.

न्यू जर्सीकर
इथे राहतो म्हणून थोडी भर. आमच्या पगाराच्या चिठ्ठीवर कपातीच्या दोन ओळी असतात, एक ‘फेडरल’ची, एक ‘स्टेट’ची. म्हणजे मॉरिसच्या लेखी जो शब्द नुसत्या इमानावर टिकणाऱ्या कराराचा, तोच आज माझ्या खिशात सक्तीने हात घालतो. जुनी वहींची कसोटी लावली तर इथला ‘फेडरल’ वर्गणीकडून निघून कराकडे आला.

हे झालं कसं? ज्यांना बळकट सरकार हवं होतं त्यांनीच ‘फेडरलिस्ट’ हे नाव पटकावलं. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख लिहिले, त्यांचंही तेच नाव. राज्यांचं स्वातंत्र्य जपू पाहणारे लोक जुन्या अर्थाने खरे फेडरल. त्यांच्या नशिबी ‘अँटी-फेडरलिस्ट’ हे नकारी नाव आलं. नाव आधी बळकावणारा अर्धी लढाई जिंकतो, हे आपल्याकडच्या पक्षफुटी पाहिलेल्यांना सांगायला नको.

मॅडिसननी ३९ व्या लेखात प्रामाणिकपणे लिहिलंय की ही घटना धड नॅशनल नाही आणि धड फेडरल नाही, दोन्हींचं मिश्रण आहे.

तेव्हा शाईचा डाग, १७८७ पर्यंतचा ‘फेडरल’ आणि नंतरचा ‘फेडरल’ यांना मराठीत एकच शब्द वापरू नका. आधी ‘मंडळ’, नंतर ‘संघ’.

आजोळ
कुणी ‘स्टेट’बद्दल बोललंच नाही. माझे आजोबा ‘अमेरिकेतील संयुक्त संस्थाने’ म्हणायचे. तो शब्द का नको?

पेठेतला
कारण संस्थान म्हटलं की सांगली, औंध, कोल्हापूर. तेरा संस्थानं म्हटलं की वाचकाला तेरा फेटे दिसणार. नव्या पिढीला तर संस्थान म्हणजे देवस्थानची कचेरी.

आजोळ
फेटे दिसले तर काय बिघडलं? आपल्या संस्थानांनाही घरचा कारभार स्वतःचा होता, परक्यांशी तह करायची मुभा नव्हती. त्या करारनाम्यातही राज्यांना काँग्रेसच्या संमतीशिवाय परक्यांशी तह करता येत नव्हता. अर्थ अगदीच चुकीचा नाही.

जुनी वही
अर्थ जवळ जातो, पण आपली संस्थानं वरच्या सत्तेची मांडलिक होती. तिथे उलट. करारनाम्याच्या दुसऱ्याच कलमात म्हटलंय की प्रत्येक राज्य आपलं सार्वभौमत्व, स्वातंत्र्य राखून आहे. वर कुणी नव्हतंच. म्हणून ‘राज्य’. पण ‘संयुक्त संस्थाने’मधलं अनेकवचन मला आवडतं, ते सांभाळायला हवं. तेव्हा ते नाव अनेकवचनीच चालायचं. नव्या राज्यघटनेतल्या राजद्रोहाच्या कलमात ‘त्यांच्याविरुद्ध’ युद्ध असं आहे, ‘तिच्याविरुद्ध’ नाही. १८६५ ची तेरावी दुरुस्तीसुद्धा ‘त्यांच्या’ अधिकारक्षेत्राबद्दलच बोलते. आपण आज ‘अमेरिका म्हणते’ असं एकवचनी स्त्रीलिंगी लिहितो, ते १७८७ च्या माणसाच्या तोंडी घालू नये.

शाईचा डाग
अहो, यातच उत्तर मिळालं! ‘राष्ट्रीय’ हे विशेषण टाकून षष्ठी वापरते. ३० मे: ‘राष्ट्राचे सरकार स्थापन व्हावे’. २० जून: ‘राष्ट्राचे’ खोडून ‘संयुक्त राज्यांचे सरकार’. सर्वपक्षीयचा गोंधळ नाही, दिल्ली नाही, आणि एल्सवर्थनी काय खोडलं ते एकवचन-अनेकवचनात उघड दिसतं.

जुनी वही
उत्तम. प्रत्यय केवढं काम करतो बघा. लेखात नव्या घटनेचे विरोधक पॅट्रिक हेन्री येणार असतील तर तिथेही हेच सूत्र लागेल. ऑगस्टच्या मसुद्यात ‘आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स... या राज्यांचे लोक’ अशी नावांची रांग होती. पण नऊ राज्यांनी मान्यता दिली की घटना लागू होणार, आणि ती नऊ कोणती हे आधी कोण सांगणार? मंगलकार्याच्या पत्रिकेत न येणाऱ्यांची नावं कशी छापायची? सप्टेंबरमध्ये मॉरिसच्या हाताखालून मसुदा गेला आणि ‘आम्ही संयुक्त राज्यांचे लोक’ झाला. १७८८ मध्ये व्हर्जिनियात हेन्री कडाडले, ‘आम्ही लोक’ म्हणायचा यांना अधिकार काय, ‘आम्ही राज्ये’ का नाही!

कोकणकडा
‘प्रेसिडेंट’चं काय करताय?

शाईचा डाग
जुन्या काँग्रेसचाही प्रेसिडेंट असायचा, पण तो नुसता सभा चालवणारा. त्याला ‘अध्यक्ष’. वॉशिंग्टनना ‘राष्ट्राध्यक्ष’. आता त्यात ‘राष्ट्र’ घुसलंच, पण तिथे माघार घेते, वाचकांच्या तोंडात तोच शब्द आहे. १७८९ मध्ये सिनेटच्या समितीने ‘हिज हायनेस’ने सुरू होणारी आणि ‘त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षक’ने संपणारी लांबलचक उपाधी सुचवली होती. प्रतिनिधिगृहाने नुसतं ‘प्रेसिडेंट’ ठेवलं. नाहीतर मला ‘श्रीमंत’ लिहावं लागलं असतं.

एकच राहिलं. १७८९ मध्ये पहिल्या प्रतिनिधिगृहात एल्ब्रिज गेरी म्हणाले, पक्षांना फेडरलिस्ट आणि अँटी-फेडरलिस्ट ही नावं चुकीची पडली. एकांना ‘रॅटिफिकेशन’ हवं होतं, दुसऱ्यांना नको होतं, तर ‘रॅट’ आणि ‘अँटी-रॅट’ म्हणायला हवं होतं. आता हे उंदीर मराठीत कसे आणू?

पेठेतला
रॅटिफिकेशन म्हणजे मंजुरी ना? एक मंजूरवाले, दुसरे नामंजूरवाले. लिहा: ‘मांजर’ आणि ‘नामांजर’.

न्यू जर्सीकर
उंदराचं मांजर केलंत राव. संपादकांना पाठवून बघा, लाल शाई संपली असेल तर जाईल.