सॉल्ट लेक सिटीहून यलोस्टोन: ज्येष्ठ आणि मुले बरोबर असताना तीन दिवस कसे आखावेत?

अंत्रुजवासी, फोंडा

मुलांच्या सुटीत, मेच्या शेवटच्या आठवड्यात, आम्ही अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्या माझ्या दिरांकडे जाणार आहोत आणि तिथून मोटारीने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा बेत आहे. बरोबर सासू-सासरे असून सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. मुलांना मात्र जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे, म्हणजेच गायझर, आणि रंगीत कुंडे यांचेच वेड लागले आहे. पहिल्या दिवशी पोहोचायचे, दुसऱ्या दिवशी उद्यानातील इंग्रजी आठच्या आकड्यासारखा संपूर्ण रस्ता फिरायचा आणि तिसऱ्या दिवशी परतायचे, असा दिरांचा कार्यक्रम आहे. रस्ता सुमारे २३० किलोमीटरचाच असल्यामुळे तो एका दिवसात व्हावा असे वाटते, पण हे योग्य आहे का? शिवाय ओल्ड फेथफुल हा गायझर ठरलेल्या वेळी उडतो असे ऐकले आहे. त्या वेळा आधी कळतात का?

डिचोलीकर

ताई, संपूर्ण रस्ता एका दिवसात पार होईल, पण पाहून काहीच होणार नाही. उद्यानातील वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर आहे आणि वाहनतळ शोधण्यातच बराच वेळ जातो. त्यातच मेअखेरीस उत्तरेकडील डनरेव्हन खिंड बर्फामुळे बंद असण्याची शक्यता असते. तसे झाल्यास आठचा आकडा पूर्णच होत नाही.

सॉल्ट लेक सिटीहून आयडाहो फॉल्समार्गे वेस्ट यलोस्टोन हे गाव सुमारे ५१५ किलोमीटर आहे. दोन्ही रात्री तिथेच राहावे, कारण तिथून ओल्ड फेथफुल जवळपास ५० किलोमीटरवर आहे आणि वाटेतच फाउंटन पेंट पॉट व मिडवे ही गायझरची खोरी लागतात. फाउंटन पेंट पॉटला लाकडी फळ्यांच्या लहानशा वाटेवर गायझर, गरम पाण्याची कुंडे, उकळता चिखल आणि वाफेची विवरे असे चारही प्रकार दिसतात, त्यामुळे ज्यांना जास्त चालवत नाही त्यांच्यासाठी माझ्या मते संपूर्ण उद्यानात यापेक्षा सोयीची जागा नाही. मिडवेचे ग्रँड प्रिझमॅटिक हे कुंड सुमारे ११० मीटर रुंद आहे. त्याच्या कडेचे पिवळे, नारिंगी पट्टे उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे आहेत, तर मध्यभागी पाणी इतके तापलेले असते की ते तिथे टिकत नाहीत आणि निळाईच उरते. थंड सकाळी वाफेमुळे रंग झाकले जातात, म्हणून तिथे दुपारी जावे.

भूगोलप्रेमी, म्हापसा

ओल्ड फेथफुलचे वेळापत्रक असे नसते, अंदाज असतो आणि तो उद्यानाच्या संकेतस्थळावर तसेच ओल्ड फेथफुलच्या पर्यटक केंद्रात मिळतो. मागचा उद्रेक किती वेळ चालला यावर पुढचा अवलंबून असतो: तो अडीच मिनिटांपेक्षा कमी चालला तर पुढचा साधारण तासाभरात, आणि जास्त चालला तर सुमारे दीड तासाने होतो, दोन्हीकडे दहा मिनिटांची सूट धरावी. याचे कारण असे की जमिनीखालच्या अरुंद नळीत खोलवर असलेल्या पाण्यावर वरच्या पाण्याचा दाब असतो, म्हणून ते नेहमीच्या उत्कलनबिंदूपेक्षा अधिक तापूनही उकळत नाही. थोडे पाणी वर सांडले की दाब घटतो, खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि सगळा स्तंभ बाहेर फेकला जातो. दीर्घ उद्रेकात नळी अधिक रिकामी होते, त्यामुळे ती भरून तापायला जास्त वेळ लागतो. हा स्तंभ ३२ ते ५६ मीटर उंच जातो. उद्यानाजवळच्या हेब्गन सरोवराच्या १९५९ च्या भूकंपानंतर उद्रेकांमधले अंतर वाढले, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतील वेळांवर विसंबू नये.

आपल्या कोकणात तुरळला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावी गरम पाणी आहे, पण ते शांतपणे वर येते. फवारा उडण्यासाठी भरपूर उष्णता, भरपूर पाणी आणि दाब सहन करणारी घट्ट, अरुंद नळी या तिन्ही गोष्टी एकाच जागी लागतात. यलोस्टोनच्या ज्वालामुखीय खडकातून विरघळणारी सिलिका नळीच्या भिंतींना लिंपून ती घट्ट करते. म्हणूनच जगातील सक्रिय गायझरपैकी निम्म्याच्या आसपास त्या एका उद्यानात आहेत.

एका बाबतीत मात्र डिचोलीकरांहून माझे मत वेगळे आहे. उद्यानातल्याच नॉरिसहून कॅनियन या खोल दरीच्या भागाकडे जाणारा रस्ता उघडा असेल तर अर्धा दिवस तिकडे द्यावाच. तिथला लोअर फॉल्स हा धबधबा ९४ मीटरचा आहे. उंचीने तो दूधसागराला गाठत नाही, पण मेअखेरीस वितळलेल्या बर्फाचे पाणी तिथे जोरात कोसळत असते.

अंत्रुजवासी, फोंडा

दोघांचेही आभार. दोन रात्री वेस्ट यलोस्टोनला, मधला दिवस पूर्ण गायझरसाठी आणि परतीच्या दिवशी सकाळी जमल्यास कॅनियन, असे दिरांना कळवले आहे. सासूबाई विचारतात की राजापूरसारखे त्या कुंडांत पाय सोडून बसता येईल का.

घाटवाट, मडगाव

मुळीच नाही, त्यांना हे आधीच स्पष्ट सांगावे. कुंडांच्या कडेचे जमिनीचे कवच पातळ असते आणि खालचे पाणी उकळते असते. आजवर तिथे वीसहून अधिक माणसे भाजून मेली आहेत. लाकडी वाट सोडण्यास मनाई आहे. मुलांचा हात धरूनच चालावे.

उद्यानाचा बराच भाग समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंच असल्यामुळे सासऱ्यांना पहिल्या दिवशी दमल्यासारखे वाटू शकते. मेमध्येही बर्फ पडू शकतो, तेव्हा लोकरीचे कपडे आणि कानटोप्या हाताशी ठेवाव्यात. फोनचे जाळे बहुतेक भागात मिळत नाही, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्यावेत.

खर्चाचे म्हणाल तर १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या सोळा वर्षांवरील पर्यटकांना, वार्षिक पास नसल्यास, नेहमीच्या शुल्काशिवाय माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. तुम्ही चार प्रौढ असल्यामुळे २५० डॉलरच्या परदेशी पर्यटकांच्या वार्षिक पासचा विचार निघण्यापूर्वीच करावा.

यजमान गाडी चालवणार असतील तर वाहतूक खात्याकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. चोर्ल्याचा घाट चालवलेल्या माणसाला तिथली वळणे सोपी वाटतील. खरी अडचण बायसनची आहे. त्यांचा कळप रस्त्यावर आला की सगळी वाहने थांबतात, कधी अर्धा तासही. अशा वेळी फोटोसाठी कुणीही खाली उतरू नये: बायसनपासून २३ आणि अस्वलापासून ९१ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. बसल्या जागी मुलांना भूक लागतेच, तेव्हा लाडू-चिवड्याचे डबे डिकीत टाकू नयेत, मागच्या आसनावर हाताशी ठेवावेत. मात्र गाडी सोडून जाताना ते आत बंद करावेत, अस्वलांना वास लगेच लागतो.