माझ्या झिप फाइलींना परक्या साइट थेट लिंक लावतात, कसं थांबवू?

धागाकर्ती
नमस्कार मंडळी. वाद्य शिकणाऱ्यांसाठी मी सरावाच्या ऑडिओ फाइली आणि त्यांच्या पीडीएफ साइटवर मोफत ठेवते. एकेक झिप साधारण ४० एमबीची. गेल्या महिन्यात बँडविड्थ (होस्टिंगचा महिन्याचा डेटा) महिना संपायच्या आधीच संपली. सर्व्हरच्या नोंदी (लॉग) उघडल्या तर निम्म्याहून जास्त डाउनलोड दोन परक्या साइटवरून आलेले. त्यांनी झिपचाच पत्ता आपल्या पानावर लावलाय.

खर्चापेक्षा मला दुसरंच जास्त लागलं. प्रत्येक संचाच्या पानावर सरावाचा क्रम आणि केलेल्या दुरुस्त्या लिहिलेल्या असतात. थेट झिप उतरवणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. शिकणारा चुकीच्या क्रमाने महिनाभर घासत बसतो, याचं वाईट वाटतं. फाइली सगळ्यांना मिळोत, पण पानावरून मिळोत. सर्व्हरचं सॉफ्टवेअर एनजिनएक्स आहे, पुढे सीडीएन (फाइलींच्या प्रती ठेवून वाटणारी सेवा). काय करावं?

बोरू
आज रात्रीपुरतं फोल्डरचं नाव बदला, जुन्या लिंका तिथेच मरतील. ते नवीन पत्ता शोधेपर्यंत खालचे लोक पक्का उपाय सांगतील.

सर्व्हरवाला
पहिली पायरी रेफरर तपासणं. ब्राउझर फाइल मागताना आपण कुठल्या साइटवरून आलो ते सांगतो. एनजिनएक्समध्ये 'व्हॅलिड रेफरर्स' म्हणून सोय आहे, तिच्यात तुमचं डोमेन लिहायचं आणि बाकीच्यांना अडवायचं. अपाचे या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर हेच काम एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत रीराइटच्या नियमाने होतं.

एक जुनी खोड लक्षात ठेवा. रेफरर हे हेडर, म्हणजे मागणीसोबत जाणारी माहितीची ओळ. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'आर' कमी आहे. १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ते तसंच गेलं आणि कायम राहिलं. शब्दकोशातलं स्पेलिंग लिहिलंत तर नियम चालणारच नाही. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

रेफरर रिकामा असेल तर मात्र जाऊ द्या. पत्ता हाताने टाकणारे, काही डाउनलोड मॅनेजर, शोधयंत्रांचे बॉट, खासगीपणा जपणारी सॉफ्टवेअर, हे सगळे रिकाम्या हाताने येतात. त्यांना अडवलंत तर तुमचेच विद्यार्थी बाहेर राहतील.

रातपाळी
वरचं बरोबर, पण त्यात एक भोक आहे. समोरच्याने लिंकवर 'नोरेफरर' लिहिलं की रेफरर रिकामाच येतो आणि तुमचा नियम त्याला आत सोडतो. म्हणून जोडीला 'सेक-फेच-साइट' हे हेडरही बघा. ते ब्राउझर स्वतः लावतो. परक्या पानाला ते बदलता किंवा लपवता येत नाही. किंमत 'क्रॉस-साइट' असेल तर परकी लिंक. 'सेम-ओरिजिन', 'सेम-साइट' आणि 'नन' यांना वाट द्या. क्रोममध्ये ७६, फायरफॉक्समध्ये ९० आणि सफारीत १६.४ या आवृत्तीपासून ते आहे. फक्त एचटीटीपीएसवर येतं. हेडर आलंच नाही तर अडवू नका.

आणि तुमचं दुःख वाचून सांगतो, ४०३ (म्हणजे सरळ नकार) देऊच नका. परक्या लिंकवरून आलेल्याला त्या संचाच्या पानावर वळवा. त्याला सूचना दिसतील, तिथून झिपही मिळेल. वळवताना ३०२ (तात्पुरतं वळण) वापरा, ३०१ (कायमचं वळण) नको. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. मग तोच माणूस तुमच्या पानावरून झिप मागायला गेला तरी पुन्हा पानावरच फेकला जातो.

सर्व्हरवाला
३०२ चं मनापासून पटलं. सीडीएनबद्दल सांगायचं राहिलं. तपासणी मूळ सर्व्हरवर आणि झिप मात्र सीडीएनच्या कॅशमध्ये (साठवलेल्या प्रतींत), असं असेल तर एकदा योग्य माणसाने उतरवलेली प्रत पुढे सगळ्यांना, न विचारता, मिळत राहते. त्यामुळे नियम सीडीएनवरच लिहा. तयार बटणावर विसंबू नका. क्लाउडफ्लेअर या सीडीएनचं हॉटलिंक प्रोटेक्शन (थेट लिंक रोखणारी सोय) फक्त चित्रांसाठी आहे, झिप आणि पीडीएफला ते हात लावत नाही.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. मुदतीच्या लिंका म्हणजे काय असतं? कुठेतरी वाचलं होतं.

रातपाळी
फाइलचा पत्ता, मुदतीची वेळ आणि तुमचा गुप्त शब्द यांचा मिळून एक हॅश (गणिताने निघणारी खुणेची अक्षरं) काढून लिंकला जोडायचा. वेळ उलटली किंवा एक अक्षर बदललं की लिंक बाद. कॉपी केलेली लिंक त्यामुळे फार काळ टिकत नाही. एनजिनएक्समध्ये 'सिक्युअर लिंक' मॉड्यूल आहे, तुमच्या सर्व्हरवर बसवलेल्या एनजिनएक्समध्ये ते आहे का बघा. अ‍ॅमेझॉन एस३ या फाइल साठवणाऱ्या सेवेवर अशा सहीच्या लिंकची कमाल मुदत ७ दिवस. हॅशमध्ये आयपी पत्ता घालू नका, मोबाइलवर तो मधेच बदलतो. मुदतही १० मिनिटांची ठेवू नका. सुरू झालेलं डाउनलोड मुदत संपल्याने तुटत नाही, पण नेट गेल्यावर पुढून चालू करताना नवी मागणी जाते आणि ती नाकारली जाते. ४० एमबीला सहा तास ठेवा. मोफत फाइलींना एवढं लागेल असं मात्र मला वाटत नाही, आधी ३०२ लावून बघा.

बोरू
झिप उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्याला यातला एकही नियम थांबवत नाही. प्रत्येक झिपमध्ये एक साधी मजकूर फाइल घाला. सरावाचा क्रम, दुरुस्तीची तारीख, तुमच्या पानाचा पत्ता. फाइल कुठूनही मिळो, शिकणाऱ्यापर्यंत तेवढं पोचेल.

धागाकर्ती
बोरू, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल बसून सगळ्या संचांत घातली. ३०२ चा नियमही सीडीएनवर लावला. त्या दोन साइटवरच्या लिंका दाबून पाहिल्या, दोन्ही माझ्या पानावर येतात. फक्त माझ्या फोनवर एक झिप अजून उतरत नाही, सारखी पानावर परत येते. घाईत आधी ३०१ लावलं होतं.

रातपाळी
त्याचंच आहे ते. फोनवरच्या ब्राउझरची कॅश साफ करा, उतरेल. ३०१ किती वेळ चालू होतं?

धागाकर्ती
जेमतेम पाच मिनिटं. साफ केली, उतरली.