पहिलं पिस्तूल: तेरा वर्षांच्या मुलीला फुल साइझ की कॉम्पॅक्ट? माझं मत फुल साइझच

कृष्णाकाठ (सांगली):

मुलगी तेरा वर्षांची. आठ महिने झाले, दहा मीटर एअर पिस्तूल नेमबाजी क्लबच्या पिस्तुलावर करते. आता स्वतःचं घ्यायची वेळ आली आहे. यंदा हळदीचे पैसे बरे झाले, म्हणून दीड-दोन लाखांचा विचार तरी करता येतोय. पण हे पैसे पुन्हा पुन्हा येणार नाहीत.

जो भेटतो तो सांगतो, "मुलगी लहान आहे, कॉम्पॅक्ट घ्या." मला हे पटत नाही, आणि त्यामागे हिशोब आहे. फुल साइझ पिस्तुलात पुढची साइट आणि मागची साइट (ज्या जुळवून नेम धरतात त्या) यांच्यातलं अंतर साधारण साडेतीनशे मिलिमीटर धरा. दोन्ही साइटच्या जुळणीत फक्त एक मिलिमीटरची चूक झाली, तरी दहा मीटरवर छर्रा मध्यापासून साडेअठ्ठावीस मिलिमीटर लांब लागतो, म्हणजे सात गुणांच्या गोलात. कॉम्पॅक्टमध्ये हेच अंतर तीनशे धरलं, तर तीच चूक तेहतीस मिलिमीटरवर नेते, म्हणजे सहात. चूक तेवढीच आणि गुण एक कमी. टार्गेटवरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. तिथे पोरीला मुद्दाम आखूड हत्यार देऊन तिची चूक मोठी कशाला करायची?

दुसरं म्हणजे ती वाढतेय. दोन वर्षांत माझ्या खांद्याला लागेल. तेव्हा कॉम्पॅक्ट विकून परत फुल साइझ घ्यायचं का? मी म्हणतो, एकदाच घ्यावं आणि त्यावरच वाढावं. ज्यांनी मुलांना घेऊन दिलंय त्यांनी स्वतःचा अनुभव सांगावा. ऐकीव नको.

रेंजवरची आई (ठाणे):

दादा, ऐकीव नको म्हणालात म्हणून घरचं सांगते. आम्हीही असाच हिशोब केला होता. मुलगा बारा वर्षांचा असताना फुल साइझ घेतलं. वजन किलोच्या आसपास. पहिला महिना मजेत गेला. मग स्कोअरशीटवर एक गोष्ट दिसायला लागली. दहा-दहा शॉटच्या सिरीज असतात, त्यातल्या पहिल्या दोन नव्वदच्या घरात, तिसरी शहाऐंशी, आणि पाचवी-सहावी बघवत नव्हती. आम्हाला वाटलं, लक्ष उडतंय. घरी ओरडलोसुद्धा. त्याचं आजही वाईट वाटतं.

एक दिवस मी लेनच्या मागे न बसता बाजूला उभी राहिले, तेव्हा दिसलं. पिस्तूल पेलायला तो कंबर पुढे काढून पाठीतून मागे कलत होता, आणि उजवा खांदा कानाकडे ओढला होता. हात नव्हे, कंबर पिस्तूल उचलत होती. खांदा दुखतो हे त्याने सांगितलंच नव्हतं, कारण पिस्तूल महागाचं आहे हे त्याला माहीत होतं. फिजिओकडे चार महिने गेलो. दुखणं गेलं, पण कलायची सवय मोडायला वर्ष लागलं.

तुमचा साडेतीनशे-तीनशेचा हिशोब बरोबर आहे, पण तो पहिल्या शॉटचा आहे. मॅच साठ शॉटची. मुलींना पूर्वी चाळीस असायचे, 2018 पासून साठ. सायटर (मॅचआधीचे, गुण न धरलेले शॉट) आणि मध्येच खाली घेतलेले हात धरले, तर पाऊण-एक तासात शंभरेक वेळा हात वर जातो. थकलेल्या हाताची चूक एक मिलिमीटरची राहत नाही.

दहा मीटर (नाशिक):

आईंच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण दोष पिस्तुलाच्या लांबीचा होता की घाईचा? त्याच पिस्तुलाची जास्तीची वजनं काढून ठेवता येतात. बऱ्याच मॉडेलमध्ये मागची साइट पुढे-मागे होते. नियमात एअर पिस्तूल जास्तीत जास्त दीड किलो असू शकतं, कमीत कमी किती याला बंधन नाही. मग फुल साइझ घ्या, हलकं करून वापरा आणि ताकद येईल तसं वजन लावत जा. मी कृष्णाकाठ यांच्या बाजूने आहे. शिवाय लांब पिस्तूल पुढे किंचित जड असतं, त्यामुळे फोरसाइट, म्हणजे पुढची साइट, कमी थरथरते. आखूड पिस्तुलात ती बारीक बारीक नाचते आणि नवं पोर त्या नाचामागे धावून ट्रिगर झटकतं.

रेंजवरची आई:

पुढे जड असतं म्हणून तर म्हणते. शंभर ग्रॅम मुठीत असणं आणि मुठीपासून वीतभर पुढे असणं यात मनगटाला केवढा फरक पडतो! भरलेली कळशी कडेवर घ्या आणि तीच हात लांब करून धरा. मागची साइट हलवली तरी नळी आखूड होत नाही.

फ्री पिस्तूल (कोल्हापूर):

मी दुधाळीच्या रेंजवर वाढलेला माणूस. आमच्या वेळी पन्नास मीटर फ्री पिस्तूल होतं, रिओनंतर ते ऑलिंपिकमधून गेलं. तेव्हापासून आजवर बरीच पोरं आणि त्यांचे पालक पाहिले, म्हणून थोडं हक्काने बोलतो.

तुम्ही दोघंही नळीबद्दल भांडताय. हातात ग्रिप असते, म्हणजे पिस्तुलाची मूठ. त्याबद्दल एक अक्षर नाही.

साहेब, तेरा वर्षांच्या मुलीचा तळवा केवढा? पिस्तुलाबरोबर बहुतेक वेळा एम मापाची ग्रिप येते, कारण विकणाऱ्याकडे तीच पडलेली असते. मुलीला एस लागेल, कदाचित एक्सएस. ग्रिप मोठी असली की बोट ट्रिगरवर सरळ मागे येत नाही, तिरकं येतं आणि प्रत्येक शॉट एका अंगाला ढकलतं. मग लोक साइटचे क्लिक फिरवत बसतात. आमच्याकडे एक मुलगी वर्षभर डाव्या आठात मारत होती. सगळ्यांनी ट्रिगरिंग, ट्रिगरिंग म्हणून जीव खाल्ला. शेवटी ग्रिप बदलली, तेव्हा ग्रुप मध्यावर आला.

एक चाचणी करा. मुलीला उभं करा, पिस्तूल हातात द्या, नळी टार्गेटकडेच, छर्रा न भरता. डोळे मिटून हात उचलायला सांगा, दोन श्वास घेऊ द्या, मग डोळे उघडायला सांगा. मागच्या साइटच्या खाचेत फोरसाइट मधोमध आणि वरून सपाट दिसली, तर ग्रिप हाताची आहे. दरवेळी एकाच बाजूला किंवा खाली गेलेली दिसली, तर ती ग्रिप तिची नाही, मग पिस्तूल कितीही भारी असो. दहा वेळा करा. एकदा जुळली याला अर्थ नाही.

ग्रिप जवळपासची असेल तर लाकडाची लांबी (पुटी) आणि कानस घेऊन घरी बसवता येते. तळव्याला खडूची पूड लावून पकडायचं आणि सोडून बघायचं. जिथे पांढरं उमटलं नाही तिथे हात टेकत नाही, तिथे लांबी भरायची. जिथे घासून चकाकतंय तिथे कानस. एका बैठकीत उरकू नका. आज थोडं, चार दिवस वापरून परत थोडं. मनगटाला मात्र आधार देऊ नका, ते नियमात बसत नाही.

पिस्तूल किती लांब हे विचाराल, तर तेराव्या वर्षी मी कॉम्पॅक्ट म्हणेन. स्टायर, मोरिनी, दोघांचीही आखूड मॉडेल आहेत. ती खेळणी नव्हेत, मॅचचीच पिस्तुलं आहेत.

पुणे_बालेवाडी:

मला वाटतं, अजून वर्षभर क्लबच्याच पिस्तुलावर ठेवा. आठ महिने म्हणजे काहीच नाही. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांनी दहावी आली की खेळ सोडला, आणि पिस्तुलं कपाटात पडली.

फ्री पिस्तूल:

क्लबच्या पिस्तुलावर सहा महिने ठीक. त्यापुढे तोटाच. एका ग्रिपवर दिवसभरात पंधरा हात पडतात, कुणी तळव्याखालची शेल्फ वर करतं, कुणी खाली. रोज निराळं पिस्तूल हातात घेतल्यासारखं होतं. आणि घरी ड्राय, म्हणजे छर्रा न भरता सराव, करता येत नाही. मॅच पिस्तुलाला ड्रायची सोय असते. पांढऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं नुसतं होल्डिंग आणि ट्रिगर. मुलं त्यावर घडतात, छर्रे उडवून नाही.

जत_रोड:

बजेट बघता सेकंडहँड का नको? फक्त माझी चूक करू नका. मी एका विक्रेत्याकडून जुनं मॅच पिस्तूल घेतलं, हवेच्या दोन सिलिंडरसकट, स्वस्तात. पिस्तूल उत्तम होतं. पहिल्याच स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर त्यांनी सिलिंडर फिरवून तारीख वाचली. त्यावर उत्पादनाचं वर्ष असतं आणि साधारण दहा वर्षांची मुदत. माझे दोन्ही मुदतीबाहेर. दोनशे बारचा दाब तोंडाजवळ धरायचा असतो, त्यांचं काही चुकलं नाही. मित्राचा सिलिंडर मागून मॅच खेळलो आणि नव्या दोन सिलिंडरमध्ये स्वस्ताई सगळी गेली.

आणि तिथेच ट्रिगरला वजन लटकवून बघतात. नळी उभी धरून पाचशे ग्रॅमचं वजन ट्रिगरने उचलावं लागतं. आधीच्या मालकाने ट्रिगर फार हलका करून ठेवला असेल, तर वजन उचलायच्या आधीच तो सुटतो आणि पिस्तूल बाद. घेताना हे तिथल्या तिथे करून बघा.

डॅलसकर:

मी मूळचा साताऱ्याचा, बारा वर्षं टेक्ससमध्ये. इथे 'पहिलं पिस्तूल कुठलं' म्हटलं की सगळे एका आवाजात सांगतात, फुल साइझ घे. मीही घेतलं, नऊ मिलिमीटरचं, आधी रेंजवर ग्लॉक 17 आणि सीझेड 75 दोन्ही भाड्याने मारून मग ठरवलं. पोलादी सीझेड जड, किलोभराचं, पण माझ्या हातात तेच शांत बसलं. तरी धागाकर्त्यांना सांगावंसं वाटतं की इथला तो सल्ला तिकडे नेऊ नका. बारुदी पिस्तुलाला धक्का असतो, वजन तो धक्का पितं, आणि आम्ही दोन हातांनी धरतो. तुमच्या मुलीच्या पिस्तुलाला धक्का जवळजवळ नाहीच, आणि धरायचं एका हाताने. जड आणि लांब असण्याचा इथला मोठा फायदा तिथे उरत नाही, भार तेवढा उरतो.

इथली एक सवय मात्र घ्यावी. विकत घेण्याआधी दोन-तीन पिस्तुलं हातात धरून, मारून पाहायची. कुणाच्याही शब्दावर घ्यायचं नाही.

दहा मीटर:

हा धक्क्याचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. तरी लांब साइटचा फायदा खोडला गेलेला नाही, हे माझं मत कायम. आणि एक इशारा, सरावात कुणी .22 चं बारुदी पिस्तूल सुचवेल. त्याला आर्म्स ॲक्ट 1959 खाली परवाना लागतो. 4.5 मिलिमीटरचं, वीस ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल परवान्याशिवाय घेता येतं, आणि मॅच पिस्तुलाची ताकद त्याच्या निम्म्याहून कमी असते. .22 वर खेळतात त्या पंचवीस मीटरचं स्वप्न असेल तर असू द्या, राही सरनोबत यांनी 2018 च्या एशियाडमध्ये त्यातच सुवर्ण आणलं. पण सुरुवात दहा मीटरवरच.

रेंजवरची आई:

आणि घ्याल ते असं घ्या की ज्याचे सील, ओ-रिंग आणि दुरुस्ती करणारा माणूस जवळ आहे. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि 575 वर ती बारावी राहिली. तिच्यासोबत अख्खा संघ होता. आपल्या पोरांसोबत आपणच असतो.

कृष्णाकाठ:

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण बोलण्याआधी करून बघायचं होतं.

डोळे मिटायची चाचणी केली. क्लबचं फुल साइझ, एम ग्रिप. दहापैकी आठ वेळा फोरसाइट उजवीकडे खाली. मी शेजारी बसून वहीत मांडत होतो. पोरगी म्हणाली, "बाबा, मला वाटायचं सगळ्यांना आधी अशीच दिसते, मग सरळ करायची असते." आठ महिने ती प्रत्येक शॉटला मनगट वळवून साइट जुळवत होती, आणि मी स्कोअर विचारत होतो.

मग तिला साठ शॉट मारायला सांगितले आणि ताई म्हणाल्या तसा बाजूला उभा राहिलो. पस्तिसाव्या शॉटपर्यंत पाठ सरळ होती. चाळीसच्या पुढे ती मागे कलायला लागली. मी काही बोललो नाही. अठ्ठेचाळिसाव्याला तिने पिस्तूल टेबलावर ठेवून हात झटकला, तेव्हा थांबवलं.

साडेतीनशे मिलिमीटरचा माझा हिशोब मी मागे घेत नाही. पण तो तिच्या पस्तीस शॉटपुरताच खरा आहे, हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. कॉम्पॅक्ट बघतो, एस ग्रिपसह. अडचण एवढीच, सांगलीत धरून बघायला कुणाकडे नाही.

रेंजवरची आई:

आमच्या क्लबमधल्या एका मुलीकडे कॉम्पॅक्ट आहे, एस ग्रिपचंच. तिच्या आईशी बोलले, हरकत नाही म्हणाल्या. रविवारी सकाळी नऊला या. मुलीला पूर्ण साठ मारू द्या.

कृष्णाकाठ:

येतो. शनिवारी रात्री महालक्ष्मीने निघतो, कल्याणला उतरून लोकलने ठाण्याला. वही घेऊन येतो.